ऑफिसात गेलेला कॅप्टन

आपल्या बेळगावात कुणाचा मुलगा एअरलाइनमध्ये कॅप्टन आहे असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग आता पुढं प्रमोशन काय असतंय?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे नाईक, हवालदार, सुभेदार ही चढण आपल्या घराघरात पाठ आहे. सांबऱ्याच्या एअरफोर्स ट्रेनिंग स्कूलमुळे हवाई दलाच्या रँकही माहीत असतात. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मशीनवरचा माणूस सुपरवायझर झाला की पगार वाढतो आणि घरी कुंद्याचा पुडा येतो. एअरलाइनची रचना वेगळी आहे. सांबऱ्याच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानं फिरू लागल्यापासून खानापूर, निपाणी, चिकोडीकडची मुलंही या धंद्याकडे बघू लागली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

उड्डाणाच्या कामात शिडीला दोनच पायऱ्या. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे खांद्यावर तीन पट्टे (नवखा असेल तर दोन), आणि कॅप्टन, म्हणजे चार. चार पट्टे मिळाले की विमान चालवण्याच्या कामात त्याहून वरची जागा नाही. पुढे वाट फुटते ती बाजूला. एक वाट शिकवण्याकडे जाते: लाइन ट्रेनिंग कॅप्टन, मग इन्स्ट्रक्टर, मग डेझिग्नेटेड एक्झामिनर. दुसरी ऑफिसकडे: बेस मॅनेजर (बेस म्हणजे पायलटांचं नेमणुकीचं ठाणं), फ्लीट कॅप्टन (एका प्रकारच्या विमानांचा प्रमुख), चीफ पायलट, डायरेक्टर फ्लाइट ऑपरेशन्स. यातल्या वरच्या काही जागांवरच्या माणसाला डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान नियामकाची, मंजुरी लागते. काही बिघडलं तर पहिली नोटीस त्याच्याच नावावर येते. ऑफिसात गेलं तरी सीनियॉरिटी लिस्टमधला नंबर सहसा राहतो, लायसन्सही चालू ठेवावं लागतं. म्हणजे माणूस कागदावर पायलटच असतो, पण महिन्यातले बरेच दिवस खुर्चीत.

अशा माणसाकडे लाइनवरचे, म्हणजे रोजची उड्डाणं करणारे, पायलट कसे बघतात? बाहेर समज असा की जळतात, किंवा घाबरतात. थोडं दोन्ही असतं, पण मुद्दा तो नाही. लाइनवरचं मत एका गोष्टीवर ठरतं: हा ज्या कागदावर सही करतो, त्या कागदाप्रमाणे स्वतः उडतो का?

हे सगळ्यात आधी रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यात, दिसतं. कोण कुठल्या सेक्टरवर (एक सेक्टर म्हणजे एक उड्डाण) आहे ते क्रूपासून लपत नाही. सकाळी नवाला रिपोर्टिंग, एक जाणं, एक येणं, दुपारी घरी, अशी ड्युटी महिन्यात मोजकीच असते. ती दर महिन्याला एकाच माणसाच्या नावावर पडली, आणि पहाटे साडेचारचं रिपोर्टिंग, चार सेक्टर, मध्ये पावसाळी ढग, अशा ड्युट्या बाकीच्यांच्या वाट्याला गेल्या, की दुसऱ्याच महिन्यात त्या साहेबाबद्दल बोलणं सुरू होतं. उलट एखादा फ्लीट कॅप्टन महिन्याला चारच दिवस उडतो, पण त्यातली एक ड्युटी मुद्दाम रात्रीची घेतो. त्याच्याबद्दल वेगळं बोलतात. त्याने फटीगवर (थकव्यावर) काढलेलं सर्क्युलर लोक वाचतात तरी.

या जागी कामाच्या तासांचे नियम समजून घ्यायला हवेत, कारण ऑफिस आणि लाइन यांच्यातली सगळ्यात मोठी ओढाताण इथेच आहे. पायलटला वर्षाला १००० तासांवर उडता येत नाही. डीजीसीएच्या सुधारित नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीची व्याख्या पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत गेली, आणि रात्रीच्या ड्युटीतल्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ वर आली. विश्रांतीचा भाग १ जुलै २०२५ पासून लागू झाला, रात्रीच्या उड्डाणांचा १ नोव्हेंबर २०२५ पासून. त्यानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. वेळापत्रक तेच ठेवून नियम बदलला तर पायलट जास्त लागतात, हा हिशेब कागदावर आधीच मांडता येतो. लाइनवरचा पायलट अशा वेळी एकच विचारतो: ऑफिसात बसलेल्या आपल्या माणसाने हा आकडा टेबलावर ठेवला होता का? ठेवला आणि वरच्यांनी ऐकला नाही, तर लोक समजून घेतात. ठेवलाच नसेल, तर चार पट्टे असलेला माणूस त्या खोलीत बसवून फायदा काय?

याच नियमांतली एक बारीक गोष्ट बऱ्याच नव्या मॅनेजरांच्या लक्षात येत नाही. ऑफिसचं काम हीसुद्धा ड्युटीच आहे. मीटिंग, ट्रेनिंग, प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पोहोचणं, सगळं ड्युटीत धरतात. संध्याकाळी सातपर्यंत मीटिंगला बसून दुसऱ्या दिवशी पहाटे पाचचं विमान घ्यायचं, आणि मीटिंगची नोंदच करायची नाही, हे नियमात बसत नाही. शेजारच्या सीटवरच्या फर्स्ट ऑफिसरला ते लगेच कळतं. साहेबाचे डोळे लाल असतात, ब्रीफिंग घाईत उरकलेलं असतं. तो तोंडावर काही बोलणार नाही. पण पुढच्या वेळी स्वतः थकलेला असताना फटीग रिपोर्ट टाकायला तो कचरेल, कारण साहेब स्वतः असाच उडतो हे त्याने पाहिलेलं असतं. एका माणसाची ही सवय अख्ख्या बेसला लागते.

हात बसण्याचा प्रश्नही आहेच. मागच्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग झाली की कायद्याने प्रवासी घेऊन उडता येतं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे कौशल्याची परीक्षा असते. हे दोन्ही सांभाळून माणूस वैध राहतो, पण सराव राहतोच असं नाही. पहिल्यांदा काय जातं? विमान हाताने उडवणं जात नाही, ते बरेच दिवस टिकतं. जाते ती लय. कुठला रेडिओ कॉल कधी येणार याचा अंदाज, बदललेल्या एसओपीमधली (कामाच्या ठरलेल्या पद्धतीतली) नवी ओळ, गेल्या पंधरवड्यात आलेला बुलेटिन, टर्नअराउंडच्या (विमान उतरून परत निघेपर्यंतच्या) २५-३० मिनिटांत काय आधी आणि काय नंतर. त्यात फोन वाजतो. विमान गेटवर उभं असताना ऑफिसचा मेल वाचणारा कॅप्टन लोडशीटमधली (विमानातल्या वजनाच्या तक्त्यातली) चूक सोडून देऊ शकतो. उपाय साधा आहे आणि चांगले मॅनेजर तो पाळतात: उडायच्या दिवशी ऑफिसची जबाबदारी दुसऱ्याच्या नावावर लेखी देऊन टाकायची आणि ऑफिसचा फोन बंद करून बॅगेत टाकायचा.

आता जुलैमधल्या सांबऱ्याचं उदाहरण घेऊ, कारण मॅनेजर कसा आहे ते अशाच दिवशी उघडं पडतं. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर, धावपट्टी २३०० मीटर, घाट जवळ. झिमझिम पाऊस लागला की ढग खाली येऊन बसतात, वीस मिनिटांत उघडतात, परत बसतात. बेंगळुरूहून संध्याकाळी एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) यायचं आहे. नियमाप्रमाणे इंधन म्हणजे प्रवासाचं, त्यावर आकस्मिक म्हणून साधारण ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि शेवटची ३० मिनिटं, ज्याला हात लावायचा नसतो. पर्याय म्हणून बहुतेक वेळा हुबळी, कारण तिकडे पाऊस कमी. गोवाही फार लांब नाही, पण जुलैत त्याचा भरवसा कमी. कॅप्टनला वाटलं की सांबऱ्यावर २० मिनिटं घिरट्या घालता याव्यात, तर एटीआरला २०० ते २५० किलो जादा घ्यावं लागतं. हे जादा वजन वाहून नेण्यात तासाला फार तर आठ-दहा किलो इंधन जळतं. एका डायव्हर्जनमध्ये हुबळीला उतरणं, परत भरणं, प्रवाशांच्या बसेस, क्रूचे तास, हे सगळं धरलं तर हा खर्च काहीच नाही.

अडचण दुसरीकडे आहे. विमान भरलेलं असेल तर ते २५० किलो म्हणजे कधी कधी दोन-तीन प्रवासी आणि त्यांच्या बॅगा खाली ठेवणं. मग स्टेशन मॅनेजर फोन करतो, कमर्शियल (तिकीट विक्रीचा विभाग) फोन करतं, आणि शेवटी फोन जातो बेस मॅनेजरकडे. तिथून कॅप्टनला येणारा फोन दोन प्रकारचा असतो.

पहिला असा: "सर, ऑपरेशन्स विचारतंय, एवढं खरंच लागतंय का? बाकीचे सगळे फ्लाइट प्लॅनप्रमाणेच जातात की."

दुसरा असा: "सर, सांबऱ्याचा ताजा रिपोर्ट बघितलात? मी पण बघतोय. तुम्ही जेवढं म्हणाल तेवढं घ्या, कमर्शियलशी मी बोलतो."

पहिल्या फोनमध्ये कुणी काही चुकीचं बोललेलं नाही. आदेश दिलेला नाही, नियम मोडलेला नाही. पण पुढच्या वेळी तो कॅप्टन २५० ऐवजी १०० किलो घेईल, आणि सांबऱ्यावर पहिला गो-अराउंड (उतरणं सोडून परत वर जाणं) झाल्यावर त्याच्याकडे दुसऱ्या प्रयत्नाची सोय उरणार नाही. इंधनाचा शेवटचा निर्णय कॅप्टनचाच, असं प्रत्येक मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ते वाक्य खरं ठेवायचं की नुसतं छापील ठेवायचं, हे बेस मॅनेजरच्या दोन मिनिटांच्या फोनवर ठरतं. कुणी किती जादा इंधन घेतलं याच्या नावानिशी याद्या काढून क्रूरूममध्ये लावणारे ऑफिसवाले लाइनवर सगळ्यात नावडते असतात, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे.

ड्युटीचे तास संपत आले की असाच दुसरा फोन येतो. अनपेक्षित कारणाने उशीर झाला तर ठरावीक मर्यादेत ड्युटी वाढवायची की नाही हे कॅप्टनने ठरवायचं असतं, तेही सगळ्या क्रूची अवस्था बघून. "सर, विस्तारित करताय ना?" हा प्रश्न विचारण्याची ढबच उत्तर घेऊन आलेली असते. नाही म्हटल्यावर कारण विचारणारा ईमेल आला नाही, की लोक त्या मॅनेजरला मानतात.

त्याहून नाजूक जागा म्हणजे फ्लाइट डेटा. प्रत्येक उड्डाणाची नोंद विमानात होते, आणि ती नंतर तपासली जाते: किती उंचीवर वेग किती होता, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे भाग) कधी, खाली उतरताना धक्का किती. ढगांतून येताना साधारण १००० फुटांवर आणि उघड्या हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर नसेल, म्हणजे वेग, उतरण्याचा दर, चाकं, फ्लॅप, इंजिनची ताकद जागच्या जागी नसेल, तर गो-अराउंड करायचाच. हे सगळं शिकण्यासाठी आहे. पण डेटा ज्याच्या हातात, त्याने तो वेताच्या छडीसारखा वापरला तर काय होतं बघा. एअरबस ए३२० या जेट विमानाला २.६ जी च्या (गुरुत्वाकर्षणाच्या २.६ पटीच्या) वर धक्का बसला की इंजिनिअरांना तपासणी करावी लागते. कंपन्या आपली सूचनेची रेषा त्याच्या बऱ्याच खाली ठेवतात, आणि ते ठीकच. आता त्या खालच्या रेषेवरच कॅप्टनला बोलावून दटावलं, तर पुढच्या वेळी तो लँडिंग मऊ करायला बघतो. मऊ करायला बघतो म्हणजे धावपट्टीवर तरंगत राहतो. ए३२० जमिनीला टेकताना सेकंदाला जवळपास ७० मीटर जातं. चार सेकंद जास्त तरंगलं की २८० मीटर गेले. सांबऱ्यासारख्या उंचीवर हवा विरळ, म्हणून काट्यावर वेग तोच दिसला तरी जमिनीवरचा वेग समुद्रकाठच्या विमानतळापेक्षा जास्त. २३०० मीटर, वर पाणी, आणि मऊ लँडिंगची हौस, हे गणित जुळत नाही. मर्यादेत राहून थोडं जोरात टेकणं हा तिथे दोष नाहीच. जागेवर टेकणं महत्त्वाचं. ज्या ऑफिसात हे कळतं तिथला फ्लाइट सेफ्टीचा माणूस आधी फोन करून म्हणतो, "काय झालं होतं सांगा, वारा होता का?" नाव बाहेर जात नाही, आणि लोक स्वतःहून रिपोर्ट टाकतात.

ऑफिसचे निर्णय कॉकपिटमध्ये किती आत शिरतात याचं आपल्या देशातलं सगळ्यात वेदनादायक उदाहरण कोळिकोडचं. ७ ऑगस्ट २०२० ला एअर इंडिया एक्सप्रेसचं दुबईहून आलेलं विमान पावसात धावपट्टी ओलांडून खाली गेलं, दोन्ही पायलटांसह २१ जण गेले. तपास अहवालात मुख्य कारण पायलटचं आहे: अस्थिर अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) पुढे नेला, विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं, आणि फर्स्ट ऑफिसरने गो-अराउंड सांगूनही ते झालं नाही. पण त्याच अहवालाने आणखी एक गोष्ट नोंदवली. त्या बेसवर कॅप्टन फार कमी ठेवलेले होते, आणि याच कॅप्टनच्या नावावर दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण होतं. वेळेत परत पोहोचण्याचं दडपण कुणी बोलून दाखवलेलं नव्हतं. ते मनुष्यबळाच्या तक्त्यात बसलेलं होतं. कुठल्या बेसवर किती कॅप्टन, हे ऑफिसात ठरतं. म्हणूनच लाइनवरच्या माणसाला त्या ऑफिसात कोण बसलंय याची एवढी पडलेली असते.

मॅनेजर स्वतः उडतो तेव्हा कॉकपिटमधला अधिकाराचा उतार, म्हणजे मोठा आणि धाकटा यातलं अंतर, तीव्र होतो, हा आणखी एक धोका. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाचा कॅप्टन कंपनीचा ७४७ ट्रेनिंगचा प्रमुख होता. त्याचा बराच वेळ सिम्युलेटरवर शिकवण्यात जात असे, आणि शेजारच्या फर्स्ट ऑफिसरची त्या विमानाची परीक्षा त्यानेच थोडे महिने आधी घेतली होती. हॉलंडचे ड्युटीच्या तासांचे नियमही नुकतेच कडक झाले होते, तास संपण्याची काळजी डोक्यावर होती. समोरचं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली. कॅप्टनने ठामपणे होकार दिला, आणि तिथेच ती शंका संपली. आपल्या लोकांत मोठ्याला उलट बोलायचं नाही हे वळण घरातूनच लागतं, त्यामुळे इथे हा धोका कमी समजू नये. समंजस फ्लीट कॅप्टन ब्रीफिंगमध्ये स्वतःहून म्हणतो, "मी या महिन्यात कमी उडलोय, मला जास्त बघा, आणि गो-अराउंड म्हणालात तर मी प्रश्न विचारणार नाही." एवढं म्हटल्याने फर्स्ट ऑफिसरचं काम अर्धं सोपं होतं.

पैशाचं आणि संघटनेचं थोडक्यात. ऑफिसातल्याला ठरावीक तासांचा उड्डाण भत्ता आणि वर मॅनेजमेंट भत्ता मिळतो, लाइनवरच्याचा भत्ता बराचसा उडालेल्या तासांवर ठरतो. यावरून कुरबूर कायम असते. संघटनेचा प्रश्न जास्त खोल आहे, कारण मॅनेजमेंटमध्ये गेलेला माणूस कामगार कायद्याच्या संरक्षणाबाहेर जातो. एप्रिल २०२३ मध्ये एअर इंडियाच्या नव्या करारात काही वर्षं झालेल्या कॅप्टनना सीनियर कमांडर करून मॅनेजमेंटमध्ये धरण्याची तरतूद होती. दोन्ही पायलट संघटनांनी सही करू नका असं सांगितलं. बाहेरच्यांना नवल वाटलं की बढती कोण नाकारतो. आत असलेल्यांना दिसत होतं की पट्टे तेच, काम तेच, फक्त सामूहिक बोलणी करण्याचा हक्क जातो. नोकरी सोडणंही सोपं नाही. कॅप्टनला वर्षभराची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ऑफिसशी पटलं नाही म्हणून उद्या उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ऑफिसात आपलं म्हणणं मांडणारा माणूस लागतोच.

मान कुणाला जास्त मिळतो? माझ्या पाहण्यात ट्रेनिंगकडे गेलेल्यांना. ते रोज कुणाला तरी काहीतरी देतात, आणि त्यांचा हात सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यानंतर फ्लाइट सेफ्टी, गोपनीयता पाळली तर. बेस मॅनेजरची जागा सगळ्यात कठीण: अधिकार थोडा, फोन सगळ्यांचे, वरून दट्ट्या आणि खालून तक्रारी. तरी ती जागा नीट सांभाळणारे आहेत, आणि त्यांच्यामुळेच कितीतरी बेस शांत चालतात. लाइन सोडून गेला म्हणून सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. चांगल्यांनी नको म्हटलं की त्या खुर्चीत कोण बसतं, हे आपण जाणतोच.

कुणाला अशी जागा देऊ केली तर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी घ्याव्यात. सीनियॉरिटी नंबर राहणार का. महिन्याला किमान किती तास उड्डाण मिळणार. दहा-बारा तासांवर भागवू नये, चार-पाच दिवस तरी मागावेत, त्यात पहाटेची आणि रात्रीची ड्युटी असावी. ऑफिसचे दिवस ड्युटी म्हणून रोस्टरवर दिसणार का. मेडिकल गेलं (वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलं) तर लॉस ऑफ लायसन्सच्या विम्यात ही जागा कशी धरली जाते. आणि लाइनवर परत यायचं झालं तर किती दिवसांत, कुठल्या बेसवर.

परत येणं हा वेगळाच टप्पा आहे. दोन-तीन वर्षं कमी उडलेल्या माणसाने ९० दिवसांचा हिशेब पूर्ण आहे म्हणून थेट नेहमीचं रोस्टर घेऊ नये. आधी एक जादा सिम्युलेटर सेशन मागावं, त्यात एका इंजिनावरचा गो-अराउंड आणि आडव्या वाऱ्याची लँडिंग करावी. मग लाइन ट्रेनिंग कॅप्टनबरोबर काही सेक्टर उडावं, आणि ते पावसाळ्यात मिळाले तर उत्तमच. क्रूरूममध्ये या मागणीची चर्चा होते, आणि ती त्या माणसाच्या बाजूची असते.